आमच्या घरची डोळस गाडी

लग्न झाल्यापासून मालकांच्या शेजारी बसून मी आयुष्यभर प्रवास केला, पण गाडीत मला कधी झोप लागली नाही. माणसं म्हणतात, गाडी हलायला लागली की डुलकी येते. मला यायची नाही. माझा पाय सारखा खालच्या पत्र्यावर दाबलेला असायचा, जसा काही तिथं एक ब्रेक आहे आणि तो माझ्या वाटणीचा आहे. मुक्कामाला पोचल्यावर पिंडरीत गोळे यायचे. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, मुडबीला राहते. ती मला तेल लावता लावता म्हणायची, "तू गाडीत बसून आलीस का गाडी ढकलत आलीस गं?"

आता मालक काही वाईट चालवायचे असं नाही. उलट हुलसूरच्या अंगाला आमच्या गावात त्यांच्यासारखं गाडी चालवणारं माणूस नव्हतं. त्यांनी पहिली जीप घेतली ती तुरीची, उडदाची पोती बाजारात न्यायला. पण गावात दुसरी गाडी नव्हती, मग ती जीप सगळ्या गावाचीच झाली. मालकांना सारं गाव मामा म्हणायचं. कुणाला साप चावला, मामांना उठवा. कुणाच्या सुनेला कळा सुटल्या, मामांना उठवा. बसवकल्याणच्या दवाखान्यापर्यंतची वाट त्यांना डोळे झाकून पाठ होती असं लोक म्हणायचे, आणि मालकांना ते ऐकायला फार आवडायचं. दोन पोरं तर जीपमध्येच जन्मली. त्यातलं एक आता मिशा वाढवून फिरतं आणि आमच्या दारावरून जाताना हॉर्न वाजवतं.

अशा माणसाला "तुम्हाला दिसत नाही" असं कोण सांगणार?

पण मला कळायला लागलं होतं. बायकोला आधी कळतं. आधी फाटकाचा खांब घासला. मालक म्हणले, खांबच वाकडा हाय. मग जेवताना भाकरीच्या शेजारची चटणी सोडून हात मिठावर जायला लागला. पेपर लांब धरायचे, मग लांब धरूनही वाचायचे नाहीत, नुसता उघडून बसायचे. आणि संध्याकाळी समोरून गाडी आली की असे भुवया आवळायचे, की मला वाटायचं ह्यांचं डोकंच दुखायलंय. एकदा तर भालकीच्या रस्त्यावर ऊस भरलेली बैलगाडी होती, मागं दिवा नाही, काही नाही. मी ओरडले म्हणून चाक वळलं. गाडी रस्ता सोडून खाली उतरली आणि बाभळीशी जाऊन थांबली. बैलगाडीवाला वर झोपलेला होता, त्याला कळलंसुद्धा नाही आज आपण कशातून वाचलो ते.

मालक मलाच म्हणले, "कामून वरडायलीस? दिसला की मला!"

"कवा दिसला?"

"तू वरडायच्या आधी."

पण त्या दिवसापासून माझ्या मनात एकच भीती बसली, की ह्यांच्या हातून एक दिवस कुणीतरी जाईल. साऱ्या गावाला दवाखान्यात पोचवलेल्या माणसाच्या हातून कुणाचंतरी लेकरू जाईल. आणि आम्ही दोघं उरलेलं आयुष्य ते तोंड घेऊन त्याच गावात बसू.

पुण्याला असलेला आमचा मुलगा फोनवर हळूच विचारायचा, "आई, अप्पांना नीट दिसतंय का?"

"तूच इचार की."

"मी इचारलं की ते फोन तुझ्याकडं देतात."

मग त्यानं ड्रायव्हर ठेवू म्हणून सुचवलं. मालकांनी तेवढं मात्र नीट ऐकून घेतलं आणि म्हणले, "स्टेरिंग दुसऱ्याच्या हातात देऊन मी काय मागं केळं खात बसू? मी मेलो का अजून?" आणि खरं सांगायचं तर ड्रायव्हर मिळणार कुठून? हात चालणारी पोरं सगळी हैदराबादला, पुण्याला. गावात उरलेत ते आमच्यासारखे, ज्यांना कुणीतरी कुठंतरी न्यावं लागतं. एसटीचा फाटा आमच्यापासून लांब. गुडघे दुखणाऱ्या बाईला तिथपर्यंत चालायचं म्हणजे मुडबीला जाऊन आल्यासारखंच. मालकांनी गाडी सोडली तर माझं अक्काकडं जाणं सुटलं, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनही असेल, माझ्या तोंडाला कुलूप बसलं होतं. चालवलं तरी भीती, सोडलं तरी अडचण.

गुढीपाडव्याला मुलगा आला तो नवी गाडी घेऊनच. बाहेरून दिसायला चारचौघींसारखी, पांढरी. पण तो आम्हाला काचेपाशी घेऊन गेला आणि वर, आरशाच्या मागं, बोटाएवढा एक काळा डोळा दाखवला. "हा तिचा डोळा. आणि पुढं जाळीत आणखी एक हाय, वटवाघूळ अंधारात अंतर ओळखतं, तसं तो समोरचं अंतर ओळखतो. समोर कुणी आलं आणि तुम्ही ब्रेक न्हाई दाबला, तर ही स्वतः दाबती. रस्त्यावर पट्टे असतील तर पट्टे सोडून जाऊ देत न्हाई. पुढच्या गाडीच्या मागं अंतर ठेवून आपोआप चालती."

मालक म्हणले, "मग मी काय करायचं?"

"तुम्हीच चालवायची अप्पा. ही फक्त सोबत. पूर्ण आपोआप चालणाऱ्या गाड्या आमेरिकेत रस्त्यावर फिरायल्यात, आपल्याकडं घरी ठेवायला मिळत न्हाईत अजून. ही अर्धी हाय म्हणा."

"अर्धी," मालक म्हणले. "म्हंजी अर्धा शहाणा. पुऱ्या येड्यापेक्षा अर्धा शहाणा वाईट."

पहिले काही दिवस त्या दोघांचं, म्हणजे मालकांचं आणि गाडीचं, अजिबात जमलं नाही. गाडी सारखी टुंग टुंग करायची. कडेला गेलं की टुंग, जवळ गेलं की टुंग टुंग टुंग. मालकांनी तिचं नाव सासूबाई ठेवलं. "बोलली बग सासूबाई!" "सासूबाईला कोंबडी दिसली!" "अगं, तुझी खरी सासू एवढी बोलत नव्हती." मी म्हणायचे, "खरी सासू तुमची आई हुती, म्हणून तुम्हाला ऐकू येत नव्हती."

मुगाउडदाचे दिवस आले. आमच्याकडं तेव्हा रस्ता हेच खळं. शेंगांचे वेल डांबरी रस्त्यावर पसरून ठेवायचे, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांची चाकं त्यावरून जातात आणि दाणे आपोआप मोकळे होतात. ड्रायव्हर लोकही समजून असतात, मुद्दाम त्यावरूनच नेतात. मालक तर आयुष्यभर दुसऱ्याचे मूग फुकट मळून देत आले. त्या दिवशी तसेच उत्साहात वेलांवर चाक घालायला निघाले. पलीकडच्या कडेला एक बाई वाकून सूप भरत होती, मळकट लुगडं, मातीच्या रंगाचं. मला ती दिसली. मालकांना वेल दिसले, बाई दिसली नाही. मी तोंड उघडायच्या आत गाडीनं टुंग टुंग केलं आणि गचकन जागेवर उभी राहिली. माझं डोकं पुढं आपटायचं राहिलं.

बाईनं मान वर केली, हातातलं सूप हलवत म्हणली, "या की मामा वरून! कामून थांबलाव? मूग काय चावतेत?"

तिला वाटलं मामा तिच्या मुगाला मान देऊन थांबले.

मालकांनी त्या दिवशी सासूबाईला नाव ठेवलं नाही. गाडी बाजूनं काढली आणि सरळ घरी आणली. पण माझ्या आत काय झालं ते सांगते. किती वर्षांचा आवळलेला एक दोर कुणीतरी हळूच सैल सोडावा तसं झालं. मला वाटलं, आता माझ्याशिवाय आणखी कुणीतरी रस्त्याकडं बघतंय. त्यानंतरच्या आठवड्यात मुडबीला जाताना मला गाडीत झोप लागली. तोंड उघडं टाकून झोपले म्हणे. मालकांनी ते अक्काला, तिच्या सुनेला, शेजारणीला, सगळ्यांना करून दाखवलं.

मग मला नादच लागला विचार करायचा. अर्धी गाडी जर एवढं करते, तर पुरी कशी असेल? स्वतःच्या दारात उभी, आपल्या मालकीची, आणि तिला नुसतं सांगायचं, "चल बाई, मुडबीला." कुणाच्या वेळा बघायच्या नाहीत. कुणाचा राग-लोभ बघायचा नाही. सुनेला सुट्टी आहे का, मुलाला वेळ आहे का, पोरगं पाठवता का, असं दहा घरी तोंड वेंगाडायचं नाही. दिसत नसलेल्यानं बसावं, पाय नसलेल्यानं बसावं, माझ्यासारखीनं गुडघे पुढं पसरून बसावं. दवाखान्यात सोडून गाडीनं झाडाखाली जाऊन उभं राहावं. मालकांना मी हे सांगितलं तर ते म्हणले, "आन रस्त्यात म्हैस बसली तर? तिला उठवायला कोण उतरंल?" मी म्हणलं, "तुम्ही. तेवढ्यापुरतं तुम्हाला घेऊन जाईन."

हसले ते. पण एक गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती. मला वाटत होतं, मालक गाडी चालवतात आणि सासूबाई सोबत करते. खरं काय चाललं होतं ते दसऱ्याला कळलं.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. विळे, कुऱ्हाडी, पाण्याची मोटर, आणि गाडी. गाडीची पूजा मालक दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. पाडव्याला गाडी घेतली तेव्हा दुकानातल्या माणसानं मुलाला नीट सांगितलं होतं, काचेला काही लावू नका, आणि तिथल्या भटजीनं स्वस्तिक बॉनेटवर काढला होता. पण जीपच्या काळापासून मालकांची एक पद्धत. स्वस्तिक काढायचा तो काचेच्या वरच्या अंगाला, बरोबर मधोमध, गाडीच्या कपाळावर. तिथं काढला की चालवणाऱ्याच्या नजरेच्या आड येत नाही. आणि हळदकुंकू पाण्यात नाही, तेलात कालवायचं, म्हणजे पुढच्या दसऱ्यापर्यंत टिकतं. तो पुसायचा नसतो. आपोआप जाईल तेव्हा जाईल. पुढच्या जाळीवर झेंडूचा हार, तोही मनगटाएवढा जाड, तोही आपोआप वाळून गळेपर्यंत काढायचा नाही. नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली, आणि मालक हात जोडून म्हणले, "सासूबाई, सांभाळा."

आम्ही सगळ्यांनी मिळून तिचे दोन्ही डोळे झाकले होते, आणि ते कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला अक्काकडं जायचं, हे आमचं ठरलेलं. थोरली बहीण, आईच्या जागी. घरी सोनं घेऊन येणारी माणसं संपेचनात, त्यामुळं निघायला उशीर झाला. ऊन कलतं होतं. गाडी सुरू झाली तशी समोरच्या पडद्यावर एक पिवळी खूण आली आणि खाली इंग्रजीत काहीतरी लिहून आलं. मला इंग्रजी येत नाही, मालकांनाही येत नाही. पण मालक त्या खुणेकडं बघत राहिले.

"काय झालं?"

"काय न्हाई."

निघालो. आणि काय सांगू, गाडी अशी चालली जसं लग्नाच्या वरातीत घोडं चालतं. सायकलवाला पुढं गेला. रानातून येणाऱ्या पोरी पुढं गेल्या, त्यातली एक तर वळून हसली. सोयाबीनच्या राशी रस्त्याकडेला होत्या, प्रत्येक राशीपाशी मालक थांबल्यागत करायचे. मला गंमत वाटली. मी आपली टोमणे मारत बसले. "आज काय बैल जुंपलेत का पुढं? सोनं अक्काला पुढच्या दसऱ्याला पोचंल बरं का. उतरून चालू का मी पुढं?"

एरवी एकाला दोन उत्तरं देणारा माणूस, आज नुसता रस्त्याकडं बघत होता. दोन्ही हातांनी स्टेरिंग धरलेलं, मान पुढं काढलेली, कपाळावर घाम. गाडीतली थंड हवा चालू आणि कपाळावर घाम. तेव्हा माझी बडबड आपोआप थांबली.

बसवकल्याण मागं पडलं. पुढं हैदराबाद-सोलापूरचा मोठा रस्ता लागतो. थोडं अंतर त्या रस्त्यानं गेलं की मग मुडबीकडं वळायचं. तिथं ट्रक कसे येतात ते बघणाऱ्यालाच माहीत. एकामागं एक, डोंगर चालत आल्यासारखे. सूर्य बरोबर समोर आला होता. मोठा रस्ता दिसायला लागला आणि त्याच्या अलीकडंच मालकांनी गाडी कडेला घेतली. लिंबाच्या झाडाखाली थांबवली. हँडब्रेक ओढला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"कामून थांबलाव?"

त्यांनी बाहीनं कपाळावरचा घाम पुसला.

"अहो, बरं वाटंना का? पाणी देऊ?"

मग त्यांनी त्या पिवळ्या खुणेकडं बोट केलं. "तिचे डोळे झाकलेत. त्या स्वस्तिकानं. ही खूण आली की समजायचं, तिला दिसंना गेलंय."

मला त्या खुणेचा अर्थ ठाऊक नव्हता. ह्यांना पाठ होता. तिची प्रत्येक खूण, प्रत्येक टुंग ह्यांना पाठ होतं, आणि मी समजत होते की ह्यांना तिचा वैताग आहे.

मी म्हणलं, "तिचे झाकले तर झाकले. तुमचे हायत की."

ट्रक जात होते. झाडावर एक कावळा ओरडत होता. मालक समोर बघत म्हणले, "न्हाईत."

"म्हंजी?"

"म्हंजी न्हाईत. समोर ऊन असलं की नुसतं पांढरं दिसतं. चुन्याच्या पाण्यातून बगितल्यागत. ट्रक हाय का झाड हाय, कळंना गेलंय. सा म्हैने झाले, का जास्त. ती टुंग म्हणली की मी दाबायचो. ती गप असली की जायचो." मग अगदी लहान आवाजात, "तुला सांगणार हुतो मी."

मी खरं तर चिडायला पाहिजे होतं. सहा महिने हा माणूस मला शेजारी बसवून आंधळ्यासारखी गाडी चालवत होता आणि मी तोंड उघडं टाकून झोपत होते! पण मला राग आलाच नाही. मला काय वाटलं म्हणाल, तर सुटल्यासारखं वाटलं. ते बोलले होते. कुणाचा जीव जायच्या आधी, बैलगाडीत कुणी मरायच्या आधी, त्या मोठ्या रस्त्यावर चढायच्या आधी ते स्वतःच्या तोंडानं बोलले होते. कुणी बोलायला लावलं नव्हतं. थांबवायला यंत्र नव्हतं, तरी ते थांबले होते.

मी एवढंच म्हणलं, "बरं केलंव."

मग गाडी बंद करून आम्ही खाली उतरलो. मी बाटलीतलं पाणी घेतलं आणि पदराचा शेव भिजवून तो स्वस्तिक पुसायला हात वर केला. मालक म्हणले, "अगं, दसऱ्याचा स्वस्तिक पुसायलीस? वर्ष वाईट जाईल."

"देवाचं मी बघते. तुम्ही तो हार काढा."

हार त्यांनी काढला, पण माझं काम बिघडलं. तेलातलं हळदकुंकू पाण्यानं निघतंय होय! जितकं पुसावं तितकं पसरायला लागलं. स्वस्तिक होता तो गेला आणि काचेवर हातभर केशरी ढग झाला. आता तिला तर नाहीच, कुणालाच दिसलं नसतं. माझा पदर, माझे हात, सगळं रंगपंचमी. तेवढ्यात फटफटीवरून एक माणूस आला, पिकल्या दाढीचा, मागं स्टोव्ह-गिझर दुरुस्तीची पेटी बांधलेली. थांबला.

"क्या हुआ चाचा? गाडी बिगड गई क्या?"

आमचे मालक, ज्यांनी सहा महिने बायकोला सांगितलं नाही, ते त्या परक्या माणसाला म्हणले, "गाडी न्हई बिगडी बावा. मेरेकू दिखता न्हई. गाडीकू दिखता था, उसकी आँख पे हमीच हल्दी लगा दिये."

तो माणूस आधी गाडीकडं बघायला लागला, मग मालकांकडं, मग माझ्या हातांकडं. आणि हसायला लागला. मालकही हसले. मग मीही. त्या ट्रकच्या रस्त्याकडेला आम्ही तिघं म्हातारे वेड्यासारखे हसत उभे होतो.

त्यानं पेटीतून एक फडकं काढलं, फटफटीच्या टाकीतलं थोडं पेट्रोल त्यावर घेतलं. "तेल का दाग है, पानी से न्हई जाता." फडकं काचेपर्यंत नेलं आणि तिथंच थांबला. "पूजा का है ना? मैं हात नक्को लगाऊं. चाची, तुमीच पोंछ लेव." आणि फडकं माझ्या हातात दिलं.

मी पुसलं. काच लख्ख झाली. गाडी सुरू केली तर पिवळी खूण गेली.

"हौ चाचा, अब?" तो म्हणला. "मैं आगे चलतूं, तुम मेरे पीछे आव. मुडबी के मोड तक छोडतूं." आणि खरंच तो पुढं निघाला, सावकाश, कडेकडेनं. गाडीनं त्याची फटफटी धरली. मालकांनी पाय मोकळे ठेवले होते. मी बघत होते. तो हळू झाला की ही हळू, तो चालला की ही चालली, मध्ये सारखंच अंतर. त्या मोठ्या रस्त्याला पट्टे होते, पट्ट्यांच्या आत ती अशी चालली जशी रांगोळीच्या रेषेत बोट चालतं. पुरी आपोआप चालणारी गाडी कशी असेल ते मला तेवढ्या अंतरात कळलं. वळणावर त्यानं हात हलवला आणि गेला. त्याला नाव विचारायचं राहिलं.

अक्काच्या दारात पोचलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. सोनं दिलं, पाया पडलो. माझा केशरी पदर बघून अक्का म्हणली, "दसरा केलास का होळी?" झेंडूचा हार तिच्या सुनेनं दाराला बांधला. चहा झाला. एरवी चहा झाला की मालक चपला शोधायला लागतात. मेहुणीच्या घरी मुक्काम त्यांनी जन्मात कधी केला नव्हता. बायकोच्या बहिणीकडं जावयानं पाय पसरायचे नसतात, असा त्यांचा हट्ट. अक्कानं पन्नास वेळा आग्रह केला असेल, पन्नास वेळा नाही म्हणले असतील. त्या संध्याकाळी अक्का नेहमीच्या सवयीनं म्हणली, "राहावा की आज," आणि उत्तराची वाट न बघता कपबशा उचलायला लागली.

मालक म्हणले, "राहतो अक्का. अंधारात मला दिसत न्हाई. उजेडात बी कमी दिसतंय."

अक्का कपबशा हातात घेऊन उभीच राहिली. तिचा मुलगा, सून, सगळे थांबले. मीच म्हणलं, "अगं, पीठ कुठं हाय? भाकऱ्या मी करते आज." आणि आत गेले. चुलीपुढं बसून दोन मिनिटं चांगलं रडले. धुराचं निमित्त होतंच. मग भाकऱ्या अशा फुगल्या की बघत राहावं.

सकाळी घरी न जाता कलबुर्गीला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं ठरलं. मुडबीहून ते जवळ पडतं. अक्काचा मुलगा म्हणला, "काका, मी येऊ का सोबत?" मालकांनी खिशातून चावी काढली, जरा वेळ हातात धरली, आणि त्याला दिली. "ये. तूच घे. पण तिचं ऐकत जा. टुंग म्हणली की थांबायचं. शहाणपणा न्हाई करायचा." वाटभर त्याला शिकवत होते. कोणती खूण कशाची, कोणता आवाज कशाचा. मी मागं बसून ऐकत होते.

डोळ्यांची डॉक्टरीण आमच्या नातीच्या वयाची. दिवा धरून बघितलं, परत बघितलं. म्हणली, "आजोबा, मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत आहे. उजवा तर पिकलाय पूर्ण. गाडी चालवता का तुम्ही?"

"चालवायलो हुतो. कालपर्यंत."

"ह्या डोळ्यांनी?"

"न्हाई, तिच्या."

डॉक्टरणीनं माझ्याकडं बघितलं.

"हिच्या न्हाई," मालक म्हणले. "गाडीच्या. ही तर झोपायची."

मग जे काय बोलणी खाल्ली ती खाल्ली. यंत्र मदतीला असतं, बदली माणूस म्हणून नसतं, रस्त्यावर दुसऱ्यांची लेकरं असतात, सगळं ती बोलली आणि बरोबर बोलली. मालकांनी खाली मान घालून ऐकलं. शेवटी एकच विचारलं, "दिसंल का परत?"

"डोळ्याचा आतला पडदा चांगला आहे. दिसेल. मोतीबिंदू एक एक करून काढू. पण मी सांगेपर्यंत स्टेरिंगला हात लावायचा नाही."

"न्हाई लावत."

ती कागद करेपर्यंत आम्हाला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. बाकावर चिंचोळीकडचा एक शेतकरी बसला होता, डोळ्याला हिरवा चष्मा. मालकांनी स्वतःहून त्याच्याकडं तोंड केलं आणि पावसापाण्याचं बोलावं तसं म्हणले, "मला दिसत न्हाई बघा. म्हणून आलोय." तो म्हणला, "मला बी दिसत नव्हतं. आता परवा सुनंच्या डोक्यातला पांढरा केस दिसला, लई भांडण झालं घरात." दोघं मग डोळ्यांवर बोलत बसले. जाणाऱ्या नर्सला, पाणी द्यायला आलेल्या बाईला, मालक सगळ्यांना सांगत होते, दिसत न्हाई मला, आपरेशन हाय.

मी चहा मागवला. कपातला शेवटचा घोट निवेपर्यंत निवांत बसून प्यायले.